मराठीत विचारलं की एआयचं बिल का वाढतं? टोकनची गोष्ट

ज्यांनी कधीकाळी मोबाइलवरून मराठीत एसएमएस पाठवलाय, त्यांना एक अनुभव नक्की आला असेल. इंग्रजीत लिहिलं की १६० अक्षरं बसायची. देवनागरी सुरू केली की आकडा झपकन ७० वर यायचा आणि वाढदिवसाच्या एका शुभेच्छेला दोन-दोन मेसेजचे पैसे कापले जायचे. कारण साधं होतं. एका एसएमएसमध्ये जागा असते १४० बाइट्स. इंग्रजी अक्षर ७ बिटांत मावतं, म्हणून १६०. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे १६ बिट लागतात, म्हणून ७०. शाळा, पतसंस्था किंवा सोसायटी आजही एकगठ्ठा एसएमएस पाठवते, तेव्हा हाच हिशोब लागू होतो. त्यामुळेच कित्येक ठिकाणचे मेसेज रोमन लिपीतल्या विचित्र मराठीत येतात.

आता तीच गोष्ट नव्या रूपात परत आली आहे. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारख्या एआयला तुम्ही मराठीत प्रश्न विचारता, तेव्हा तोच प्रश्न इंग्रजीत विचारण्यापेक्षा जास्त "मोजला" जातो. फुकट वापरणाऱ्याची मर्यादा लवकर संपू शकते. पैसे भरून सेवा बांधणाऱ्याचं बिल वाढतं. उत्तर हळू येतं. आणि मोठी कागदपत्रं दिली तर त्यातली कमी मावतात. हे का होतं आणि किती होतं, ते आज नीट समजून घेऊया. कारण दवाखान्याचा अपॉइंटमेंट बॉट असो, शेतकऱ्यांसाठीचं सल्ला देणारं ॲप असो की शिक्षकांसाठी प्रश्नपत्रिका बनवणारं टूल, "मराठी द्यायची की नको" हा निर्णय बऱ्याचदा याच आकड्यावर होतो. मीटिंगमध्ये कुणी भाषेचं प्रेम काढत नाही, एक्सेलमधली रक्कम काढतात.

टोकन म्हणजे नक्की काय?

एआय मॉडेल शब्द वाचत नाही आणि अक्षरंही वाचत नाही. ते आकडे वाचतं. तुम्ही लिहिलेल्या मजकुराचे आधी तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याला एक नंबर दिला जातो. या तुकड्यालाच टोकन म्हणतात. कोणते तुकडे मान्य आहेत याची एक ठरलेली यादी असते. २०१९ च्या जीपीटी-२ मध्ये ही यादी ५०,२५७ तुकड्यांची होती. जीपीटी-४ ची साधारण १ लाखाची, आणि २०२४ मध्ये आलेल्या जीपीटी-४ओ ची साधारण २ लाखांची.

कंपन्या आकारणी करतात ती टोकनवर. मजकूर आत जाताना मोजतात आणि उत्तर बाहेर येताना वेगळ्या, सहसा जास्त दराने मोजतात. शिवाय उत्तर तयार होतं तेसुद्धा एकेक टोकन करत. म्हणजे एकाच आशयाच्या उत्तराला तिप्पट टोकन लागले, तर मॉडेलला तिप्पट फेऱ्या माराव्या लागतात आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता.

मग प्रश्न असा की ही यादी बनवतं कोण आणि कशी?

आधी बाइट्स

कॉम्प्युटरमध्ये मराठी साठवली जाते युनिकोडमध्ये आणि फायलीत किंवा नेटवर ती लिहिली जाते यूटीएफ-८ या पद्धतीने. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये बसून, टेबलावर अंथरलेल्या कागदावर आखली. पद्धत अतिशय हुशार आहे, त्यात वाद नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक खुणेला एक क्रमांक असतो. १२७ पर्यंतच्या क्रमांकांना १ बाइट लागतो, यात सगळं इंग्रजी येतं. २०४७ पर्यंतच्या क्रमांकांना २ बाइट्स. ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी या लिप्या इथे बसल्या. त्यापुढच्या क्रमांकांना ३ किंवा ४ बाइट्स.

देवनागरी सुरू होते २३०४ पासून. अवघ्या २५७ क्रमांकांनी आपली गाडी चुकली!

आता "नमस्कार" घ्या. आपल्या डोळ्याला चार अक्षरं दिसतात: न, म, स्का, र. युनिकोडच्या लेखी यात सात खुणा आहेत: न, म, स, पाय मोडायची खूण, क, काना, र. साताला तीनने गुणलं की २१ बाइट्स. इंग्रजीतला "हॅलो" ५ बाइट्समध्ये होतो.

यातली गंमत बघा. "न" चे तीन बाइट्स आकड्यांत लिहिले तर २२४, १६४, १६८ असे येतात. "म" चे २२४, १६४, १७४. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट २२४ च असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे तीन बाइट्सपैकी खरी माहिती जवळजवळ सगळी शेवटच्या बाइटमध्ये असते. पहिले दोन म्हणजे दरवेळी "मी देवनागरी आहे, मी देवनागरी आहे" असं सांगत राहणं.

साठवणुकीच्या दृष्टीने हे फारसं महाग नाही. आजच्या हार्ड डिस्कवर मजकुराने किती जागा खाल्ली याची कुणाला पडलेली नसते, एक फोटो अख्ख्या कादंबरीपेक्षा मोठा असतो. एआयमध्ये मात्र बाइट्स हा पाया आहे आणि त्यावरच तुकड्यांची यादी उभी राहते.

मग जोड्या

यादी बनवण्याची सगळ्यात प्रचलित पद्धत म्हणजे बाइट पेअर एन्कोडिंग. मूळ कल्पना १९९४ ची, फिलिप गेज यांची, आणि ती फाइल आकसवण्यासाठी होती. २०१६ मध्ये भाषांतराच्या संशोधनात ती वापरली गेली आणि तिथून एआयमध्ये रुळली.

पद्धत अशी. सुरुवातीला यादीत फक्त २५६ बाइट्स असतात. मग प्रचंड मोठा मजकूर घ्यायचा आणि शेजारी-शेजारी सगळ्यात जास्त वेळा येणारी जोडी शोधायची. ती जोडी एक नवा तुकडा म्हणून यादीत टाकायची. पुन्हा मोजायचं, पुन्हा सगळ्यात जास्त येणारी जोडी टाकायची. यादी भरेपर्यंत हेच.

समजा आपल्या मजकुरात घर, घरात, घरी, घरचा, घरून एवढेच शब्द आहेत. "घ" नंतर "र" दरवेळी येतो, म्हणून "घर" हा एक तुकडा लगेच तयार होईल. मजकूर वाढला की "ात", "चा" हेही तयार होतील. म्हणजे ज्या भाषेचा मजकूर जास्त, तिच्या जोड्या जास्त वेळा दिसतात आणि तिला यादीत जास्त जागा मिळते. इंग्रजीचे हजारो पूर्ण शब्द अशा रीतीने एकेका टोकनमध्ये बसले. प्रशिक्षणाच्या मजकुरात मराठी चिमूटभर, त्यामुळे आपल्या वाट्याला सुटी अक्षरं किंवा त्याहूनही छोटे, अक्षराचे अर्धेमुर्धे बाइट्स आले.

इथपर्यंतची गोष्ट बरेच जण सांगतात: "मराठीत डेटा कमी आहे, म्हणून टोकन जास्त लागतात." बरोबर आहे, पण अर्धवट. खरी गोम पुढे आहे आणि ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते.

मात्रा म्हणजे विरामचिन्ह?

जोड्या लावण्याआधी मजकुराचे ढोबळ भाग पाडले जातात, म्हणजे जोड्या शब्दांच्या आतच लागाव्यात, एका शब्दाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं चिकटू नये. हे भाग पाडायचं काम एक रेगेक्स करतो, म्हणजे नमुना जुळवणारी एक ओळ. जीपीटी-२ मधली ही ओळ सर्वांसाठी खुली आहे. तिचा सारांश असा: सलग अक्षरं आली की एक भाग, सलग आकडे आले की एक भाग, बाकी सगळं, म्हणजे स्वल्पविराम, उद्गारचिन्ह वगैरे, वेगळा भाग.

ऐकायला अगदी रास्त वाटतं. पण युनिकोडमध्ये प्रत्येक खुणेला एक वर्ग दिलेला असतो. क, ख, ग यांचा वर्ग "अक्षर". काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण यांचा वर्ग मात्र "अक्षर" नाही, त्यांचा वर्ग वेगळा आहे, "चिन्ह". आणि त्या ओळीत चिन्हांचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे काना आला की तो "बाकी सगळं" मध्ये जाऊन पडायचा, स्वल्पविरामाच्या शेजारी.

परिणाम? "नमस्कार" चे पाच भाग: नमस, पाय मोडायची खूण, क, काना, र. आणि जोड्या तर भागांच्या आतच लागतात. म्हणजे जगातली सगळी मराठी पुस्तकं जरी प्रशिक्षणात ओतली असती, तरी "नमस्कार" हा शब्द एका टोकनमध्ये येणं शक्यच नव्हतं. "का" हे साधं अक्षरसुद्धा एका टोकनमध्ये येऊ शकत नव्हतं! इथे प्रश्न डेटाचा नव्हता. प्रश्न होता एका ओळीचा, जी लिहिताना समोर इंग्रजी होती.

जीपीटी-३.५ आणि जीपीटी-४ मध्ये ही ओळ थोडी बदलली. अक्षरांच्या आधी एखादं परकं चिन्ह चालेल, अशी सूट मिळाली. त्यामुळे "नमस्कार" चे तीन भाग होऊ लागले: "नमस", मग पाय मोडायची खूण आणि क मिळून एक, मग काना आणि र मिळून एक. शब्द तोडायची ही जागा कुठल्याही मराठी माणसाने निवडली नसती. पहिलीतलं पोरही काना मागच्या अक्षराला लावतं, पुढच्या नाही.

जीपीटी-४ओ च्या ओळीत मात्र चिन्हांचा वर्ग अक्षरांसोबत स्पष्टपणे घातला गेला. आता "नमस्कार" सलग राहतो आणि त्याच्या आत हव्या तशा जोड्या लागू शकतात. यादी दुप्पट झाली हे महत्त्वाचं आहेच, पण माझ्या मते भारतीय लिप्यांना मोठा दिलासा या छोट्या दुरुस्तीनेही दिला. आणि ती बातम्यांमध्ये कुठेच आली नाही, कारण रेगेक्सवर हेडलाइन होत नाही.

आकड्यांत किती फरक पडला?

मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ जाहीर करताना ओपनएआयने २० भाषांचे आकडे दिले होते. ओळख करून देणारा एकच छोटा मजकूर, जुन्या यादीने मोजलेला आणि नव्या यादीने मोजलेला. मराठीत आधी ९६ टोकन लागायचे, आता ३३. हिंदीत ९० चे ३१ झाले. गुजरातीत १४५ चे थेट ३३. आणि इंग्रजीत? २७ चे २४.

म्हणजे जुन्या हिशोबाने त्या मजकुरासाठी मराठी माणूस इंग्रजीच्या साडेतीन पट मोजत होता. नव्या हिशोबाने साधारण १.४ पट. हे आकडे कंपनीने स्वतः निवडलेल्या एका वाक्याचे आहेत, हे लक्षात ठेवा. "नमस्कार, माझं नाव अमुक" छापाची वाक्यं सगळ्यात सोपी असतात. सात-बारा उताऱ्यातली भाषा किंवा कोर्टाच्या आदेशातली मराठी टाकून बघा, गुणोत्तर वेगळं येईल. जगभरच्या भाषांचा विचार केला तर चित्र याहून विषम आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अनेक टोकनायझर तपासले होते. काही ठिकाणी एकाच मजकुराला एका भाषेत दुसरीच्या १५ पट टोकन लागत होते.

आता हे पैशांत उतरवूया. आकडे मी फक्त उदाहरणासाठी धरतोय. समजा एका दवाखान्याचा बॉट दिवसाला ३०० संवाद करतो आणि एका संवादाला इंग्रजीत १,००० टोकन लागतात. महिन्याचे झाले ९० लाख टोकन. दर समजा १० लाख टोकनला ४०० रुपये. इंग्रजीत महिन्याला ३,६००. साडेतीन पटीने मराठीत १२,६००. १.४ पटीने ५,०४०.

३,६०० आणि ५,०४० मधला फरक डॉक्टर सोसेल, पेशंट मराठी बोलणारेच आहेत म्हटल्यावर. ३,६०० आणि १२,६०० मध्ये मात्र तो म्हणेल, "राहू दे, इंग्रजीत बटणं दे दोन-चार." आणि मग अपॉइंटमेंट घेण्यासाठी आजीला नातवाला हाक मारावी लागते.

आणखी एक गोष्ट नवख्या डेव्हलपरच्या लक्षात येत नाही. चॅटमध्ये प्रत्येक नव्या प्रश्नासोबत आधीचा संवादही पुन्हा मॉडेलकडे जातो, कारण मॉडेलला स्वतःहून मागचं काही आठवत नाही. दहाव्या प्रश्नाला आधीचे नऊ प्रश्न आणि नऊ उत्तरं पुन्हा मोजली जातात. (काही कंपन्या आधी पाठवलेल्या मजकुराला सवलतीचा दर लावतात, पण मोजतात नक्की.) भाषेचा जादा भार हा असा पुन:पुन्हा पडत राहतो.

जागेचंही तसंच. २०२३ मधल्या जीपीटी-४ च्या साध्या आवृत्तीत एका वेळी ८,१९२ टोकन मावायचे. साडेतीन पटीच्या हिशोबाने मराठीसाठी ही खोली इंग्रजीतल्या २,३०० टोकनएवढीच. दहा पानी करारनामा दिला की मॉडेल पहिली पानं विसरायचं आणि लोक म्हणायचे, "याला मराठी कळत नाही." कळण्याचा प्रश्न होता, पण मावण्याचाही होता. आजच्या मॉडेल्समध्ये जागा कितीतरी पटींनी वाढली आहे, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला.

हिंदीचं भागतं, मग मराठीचं का नाही?

लिपी एकच असली तरी दोन्ही भाषांचं वळण वेगळं. हिंदीत "घर में", "घर से", "घर का" असं सुटं लिहितात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि एकावर एक चढतात. घर, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. त्यात सामान्यरूपाने मूळ शब्दच बदलतो. पाणी असतं पण पाण्यात पडतो. झाड, पण झाडाखाली. गाव, पण गावाकडचा. जोड्या मोजणाऱ्या प्रोग्रामला "पाणी" आणि "पाण्या" यांचा काही संबंध आहे हे माहीत नसतं, त्याच्यासाठी ती दोन वेगळी प्रकरणं आहेत.

अशा भाषेत प्रत्येक रूप कमी वेळा दिसतं, म्हणून यादीत कमी रूपं शिरतात. वर, देवनागरीचे जे तुकडे यादीत आहेत त्यांत हिंदीचा वरचष्मा असणं साहजिक आहे, कारण नेटवर हिंदी मजकूर जास्त. "ळ" सारखं अक्षर हिंदीत जवळजवळ येतच नाही, त्यामुळे बाळ, शाळा, सकाळ, जवळ या आपल्या रोजच्या शब्दांना हिंदीची पुण्याई कामी येत नाही.

भारतात बनणारी मॉडेल्स इथेच वेगळी वाट घेतात. सर्वम या बेंगळुरूच्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वम-१ आणलं. मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी बनवलेल्या या मॉडेलच्या टोकनायझरला एका शब्दामागे १.४ ते २.१ टोकन लागतात असा कंपनीचा दावा आहे. आयआयटी मद्रासमधला एआय४भारत हा गट भारतीय भाषांचा मजकूर, भाषांतरं आणि आवाज गोळा करून खुला करतो, ते काम वेगळ्या लेखाच्या लायकीचं आहे.

"मग सरळ यादीच दहा लाखांची करा ना!" असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की यादीतल्या प्रत्येक तुकड्यासाठी मॉडेलमध्ये आकड्यांची एक लांबलचक रांग ठेवावी लागते. २ लाखांची यादी आणि रांगेत ४,०९६ आकडे, म्हणजे फक्त शब्दकोशासाठी जवळपास ८२ कोटी आकडे. मोठ्या सर्व्हरवर ही चिल्लर आहे. पण मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय चालणारं एक-दोन अब्ज आकड्यांचं मॉडेल बनवायचं असेल, तर निम्मं सामान शब्दकोशच खाऊन टाकेल.

मजकूर आहे, पण दिसत नाही

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. छापील परंपरा मोठी, वर्तमानपत्रं आहेत, दरवर्षी दिवाळी अंकांचा ढीग निघतो. मग नेटवर मराठी एवढी कमी कशी?

एक मोठं कारण जुन्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोड रुळायच्या आधी डीटीपीचं सगळं काम शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे योगेश आणि सुरेख अशा फॉन्टमध्ये चालायचं. या फॉन्टची युक्ती अशी होती की फाइलमध्ये प्रत्यक्षात साठायची रोमन अक्षरं आणि खुणा, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. फॉन्ट काढला की मागे उरतो अगम्य कचरा. जुन्या मराठी पीडीएफमधून परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवलाय कधी? तोच तो कचरा.

एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या प्रोग्रामलाही तोच दिसतो. ही कुठलीच भाषा नाही, असं ठरवून तो फेकून देतो. म्हणजे साधारण नव्वदच्या दशकापासून पुढची कित्येक वर्षं मराठीत जे टाइप झालं, त्यातला फार मोठा भाग डिजिटल असूनही मॉडेलच्या लेखी अस्तित्वात नाही. स्कॅन केलेले शासन निर्णय आणि चित्र म्हणून टाकलेली ई-पेपरची पानं हीसुद्धा त्याच रांगेत. गंमत म्हणजे अनेक डीटीपीवाल्यांकडे आणि प्रकाशकांकडे अजूनही काम त्याच फॉन्टमध्ये होतं, कारण छपाईची सगळी साखळी त्यावर बसलेली आहे. रूपांतर करणारी साधनं उपलब्ध आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा आणि जोडाक्षरांत चुका राहतात, त्या माणसालाच तपासाव्या लागतात. हा मजकूर एआय कंपन्यांना फुकट मिळावा का, लेखकांना काय मिळणार, हा प्रश्न वेगळा आणि रास्त आहे. पण निदान शोधता येईल, वाचता येईल अशा रूपात तो असावा, एवढं तर आपण आपल्यासाठीच करायला हवं.

एकच शब्द, तीन चेहरे

शेवटी थोडं कामाचं, विशेषतः मराठी मजकुरावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. खाली एकच शब्द तीनदा आहे:

ॲप, अॅप, अ‍ॅप

डोळ्याला सारखेच दिसतात ना? पहिल्यात "ॲ" ही एकच खूण आहे, जी युनिकोडमध्ये २००८ साली आली. दुसऱ्यात "अ" आणि वरचा चंद्र वेगवेगळे. तिसऱ्यात त्या दोघांच्या मध्ये एक अदृश्य जोडखूण. बाइट्समध्ये मोजलं तर अनुक्रमे ६, ९ आणि १२. तुमच्या डेटाबेसमध्ये "ॲम्ब्युलन्स" पहिल्या पद्धतीने असेल आणि लोकांचा कीबोर्ड तिसऱ्या पद्धतीने टाइप करत असेल, तर शोधणाऱ्याला शून्य निकाल येतील. टोकनही वेगळे पडतील.

"दुसऱ्या" मधल्या अर्ध्या "ऱ्" चंही तसंच, तोही दोन-तीन वाटांनी लिहिता येतो. हे किरकोळ समजू नका, "आचाऱ्यास" पैसे द्यायचे की "आचार्यास", हे त्या एका खुणेवर ठरतं. युनिकोडचं प्रमाणित रूपांतर, ज्याला एनएफसी म्हणतात, ते "र" आणि नुक्ता अशा जोडीचा "ऱ" करून देतं. पण "ॲ" चे तीन चेहरे ते एक करत नाही आणि अदृश्य जोडखुणांनाही हात लावत नाही. त्यासाठी बदलांची यादी स्वतः लिहावी लागते, आणि मजकूर साठवताना व शोधताना, दोन्ही वेळी ती चालवावी लागते.

बॉट बांधत असाल तर मॉडेल निवडताना किंमतपत्रकातला दर बघून थांबू नका. तुमच्या खऱ्या वापरातली शंभरेक मराठी वाक्यं घ्या, प्रत्येक मॉडेलच्या टोकनायझरमधून काढा आणि दर गुणिले टोकन असा हिशोब करा. दर कमी आणि टोकन दुप्पट असं सर्रास असतं. ओपनएआयच्या साइटवर मजकूर चिकटवून टोकन मोजायचं पान आहे, तिथे प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगात दिसतो. मॉडेलला द्यायच्या कायमच्या लांबलचक सूचना इंग्रजीत ठेवल्या आणि संवाद मराठीत, तरी उत्तरं मराठीत व्यवस्थित येतात आणि बरेच टोकन वाचतात. रोमन लिपीत मराठी लिहून टोकन वाचवायचा जुगाड मात्र मी सुचवणार नाही. "आहे" हा एक शब्द लोक रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहितात, "न" आणि "ण", "ल" आणि "ळ" यांतला फरक पुसला जातो, आणि औषधाच्या वेळा सांगणाऱ्या बॉटमध्ये अंदाजपंचे वाचन परवडत नाही.